बाण दाखवतो तिकडे जाऊ नका : पोलादपूर ते कापडे

कापड्याला जायचं तीन वर्षं आमच्या घरात नुसतं बोललं जात होतं. दर दिवाळीनंतर बाबा विषय काढायचे, मी मोबाइलवर रस्त्याची स्थिती बघायची, आणि "बाबा, अजून काम चालू आहे, पुढच्या महिन्यात बघू" असं सांगून मोकळी व्हायची. या जानेवारीत आत्याचा फोन आला. बाबांची थोरली बहीण, वय ऐंशीच्या आसपास, कापड्यात एकटी राहते, मुलगा-सून मुंबईला. फोन स्पीकरवर होता.

"दामू, रस्ता व्हायाची वाट बघतोस होय? मी काय तेवढी थांबणार नाय हो."

बाबा चष्मा काढून पुसत बसले. मी त्याच संध्याकाळी ऑफिसात दोन दिवसांची रजा टाकली.

माझ्याबद्दल एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना नवल वाटणार नाही. मी विमा कंपनीसाठी अपघातग्रस्त गाड्यांची तपासणी करते. ठोकलेली गाडी बघायची, मालकाचं ऐकायचं आणि दोन्हींत कुठे फट आहे ते शोधायचं. वीस वर्षं हेच काम केल्यावर साधं "उजवीकडे वळा" कुणी म्हटलं तरी याला यातून काय मिळणार, हा विचार आधी येतो. नवरा म्हणतो, माझ्यासोबत प्रवास करणं म्हणजे पोलिसांसोबत सहलीला जाणं. तो आला नाही. आम्ही दोघंच निघालो, मी आणि बाबा.

शुक्रवार

पुण्याहून महाडला जायला वरंध घाट जवळचा, पण तो कधी उघडा असतो आणि कधी बंद, याची खात्रीलायक माहिती मला कुणीही देऊ शकलं नाही. म्हणून ताम्हिणीतून गेलो. सकाळी साडेपाचला निघालं तर मुळशीपर्यंत रस्ता रिकामा मिळतो. घाटात धुकं होतं, रस्ता बरा होता. माणगावला मात्र कोंडीत पाऊण तास गेला. तुम्ही जाणार असाल तर माणगाव आठच्या आत ओलांडा, किंवा सरळ गाडी लावून मिसळ खा. आम्ही मिसळ खाल्ली, दोघांची चहासकट सव्वादोनशेत झाली. रस्सा जरा पाणचट होता, पण पाव ताजे.

महाड ते पोलादपूर रस्ता आता रुंद आणि काँक्रीटचा आहे, गाडी सुसाट जाते. त्याआधी महाडात आम्ही चवदार तळ्यावर थांबलो. बाबा इथे थांबल्याशिवाय पुढे जात नाहीत. पायरीवर उतरतात, पाण्याला हात लावतात, तोच हात कपाळाला लावतात आणि गाडीत येऊन बसतात. तोवर मी इंजिन चालू करत नाही.

तळ्याजवळच्या टपरीवर चहा घेतला. टपरीवाल्याने विचारलं, "कुठं, महाबळेश्वर?"

"कापडे."

"मंग जपून. तिथं फलकावर जाऊ नका. माणसाला विचारा."

"कुठल्या माणसाला?"

"कुनी बी भेटंल त्याला." मग लगेच पुढे, "जेवायला थांबणार हाव का? माझ्या भावाचं हॉटेल हाय पोलादपुरात."

मी बाबांकडे बघून भुवई उडवली. म्हणजे आधी घाबरवायचं आणि मग भावाकडे पाठवायचं. गाडीत बसल्यावर मी बाबांना हे समजावून सांगितलं. बाबा म्हणाले, "शुभा, तो फक्त जेवणाचं विचारत होता." मी ऐकलं नाही. ऐकलं असतं तर पुढची गोष्ट झाली नसती.

पोलादपूरला हायवे सोडून महाबळेश्वरच्या रस्त्याला डावीकडे वळलो, आणि थोड्याच वेळात रस्ता संपला. संपला म्हणजे अर्धा खणलेला होता, उरलेल्या अर्ध्यावर खडीचे ढीग. कुठे एका बाजूची गटार बांधून तयार, पण तिच्या शेजारी रस्ताच नाही. कुठे विजेचे खांब नव्या रस्त्याच्या ऐन मध्यावर. डांबर, मग लाल माती, मग पुन्हा पन्नास पावलं डांबर. बाबा सरकारी बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होते. आयुष्यभर रस्ते, मोऱ्या आणि पूल कागदावर काढले. ते खिडकीतून बघत नुसते "अरे अरे" करत होते, जसं एखाद्याने आपल्या वहीत रेघोट्या मारल्यावर आपण करू.

पुढे एका ठिकाणी जुना रस्ता पिंपं लावून बंद केलेला दिसला. उजवीकडे एका वाडीत शिरणारी अरुंद गल्ली होती, डावीकडे नवा, दाबून सपाट केलेला मुरमाचा भराव. भरावाच्या तोंडाशी लोखंडी पायांचा पिवळा फलक उभा होता: "वळण मार्ग", आणि सरळ वर जाणारा बाण. मी डावीकडे गेले. इतका वेळ खड्डे खाल्ल्यावर तो भराव म्हणजे सुख होतं. मी तिसरा गिअर टाकला. भराव एका मातीच्या ढिगाला वळसा घालून गेला, आणि बाबा ओरडले, "थांबव!"

बाबा ओरडत नाहीत. त्यामुळे पाय आपोआप ब्रेकवर गेला. गाडी मुरमावर घसरत, तिरकी होत थांबली. समोर गाडीच्या लांबीइतकी जमीन होती. त्यापुढे काहीच नव्हतं. न बांधलेल्या मोरीचा खड्डा, दोन पुरुष खोल, आणि खालून वर आलेल्या उघड्या सळया.

 बाबांनी दोन्ही हात डॅशबोर्डवर रोवले होते. मी गाडी रिव्हर्समध्ये टाकली, पण ती दोनदा बंद पडली. तिसऱ्या प्रयत्नात मागे घेत रस्त्यापर्यंत आणली.

भीती ओसरली की मला राग येतो, आणि राग आला की मी फोटो काढते. खड्ड्याचे काढले, टायरच्या खुणांचे काढले, मग चालत फलकापर्यंत आले. तिथे मला हवं ते दिसलं. फलकाचे पाय मुरमात नीट रुतलेले नव्हते. त्यांच्यामागे दोन समांतर ओरखडे होते, ताजे, रस्त्याच्या पलीकडून आलेले. गल्लीच्या तोंडाशी चार चौकोनी खळगे होते, बरोबर त्या पायांच्या मापाचे. म्हणजे फलक मुळात गल्लीपाशी होता. तो कुणीतरी ओढत इकडे आणला होता.

मी वर बघितलं. समोर पत्र्याचं हॉटेल: चहा, वडापाव, शेजारी पंक्चरचं दुकान. झालं, मला वाटलं, सापडला. गाड्या चुकणार, मुरमात रुतणार, माणसं चहा पिणार. मी सरळ जाऊन हॉटेलवाल्याला विचारलं, फलक तुम्ही हलवलात का.

तो पन्नाशीचा माणूस, हातातली कढई तशीच धरून माझ्याकडे बघत राहिला. "ताई, वर्ष झालं हितं गाडी थांबत नाय. धुळीत कोन वडा खातं? मी कशाला हालवू?" मग मान वाडीकडे करून, "मला काय माहीत नाय." हे शेवटचं वाक्य त्याने फार पटकन म्हटलं.

मी गल्लीत शिरले. बाबा गाडीतून म्हणाले, "नको, चल आता," पण मी शिरले.

त्या वाडीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. वीसेक घरं, मधोमध छोटं विहार, त्याला लागून अंगणवाडी. गल्लीचं डांबर पार उखडलेलं. पाण्याचा पाइप फुटून चिखल झालेला, त्यात ट्रकच्या चाकांच्या खोल घळी. दारांवर, तुळयांवर, दोरीवरच्या कपड्यांवर धूळ. अंगणवाडीच्या भिंतीचा कोपरा कशाने तरी खरवडून आतल्या विटा उघड्या पडल्या होत्या. तिथे निळ्या साडीतली एक बाई तांदूळ निवडत बसली होती. मी काही विचारायच्या आतच तिने विचारलं, "लागलं नाय ना कुनाला?"

म्हणजे हिला माहीत होतं.

"फलक कोणी हलवला?"

"आम्हीच. चौघी होतो. तुम्हाला खोटं कशाला सांगू?" तिचं नाव मंदा. अंगणवाडीत मदतनीस. बाकीच्या तिघी दारातून बघत होत्या, त्यातल्या एकीने पदर तोंडाला लावला.

"पुढे खड्डा आहे हे माहीत होतं तुम्हाला?"

"हाय ना माहीत. म्हणून तर भरावाच्या तोंडाला दगड लावलंव आम्ही. मोठं मोठं. वर लाल साडीचा फाळका बांधला. गाडी तिथं आली का थांबणार, मागं फिरणार, मागच्या अडकणार. गाड्या अडकल्या का साहेब येतो. गल्लीतनं ट्रक नको म्हणून आम्ही बोलावल्यावर येत नाय."

"तिथे एकही दगड नव्हता."

"असं कसं?" ती उठून उभी राहिली. "सकाळी होतं."

मला तिचा एक शब्दही पटला नाही. असे "सकाळी होते" मी शेकड्याने ऐकले आहेत. मी म्हटलं, चला, दाखवा. ती आली. भरावाच्या तोंडाशी, फलकापासून थोडं पुढे, कडेला दगड ढकललेले होते, त्यांतला एक फुटलेला. एका दगडाखाली लाल कापड अडकलं होतं. आणि मुरमावर रोलरचा रुंद, गुळगुळीत पट्टा, थेट दगडांमधून गेलेला. रोलरवाल्याने सकाळी आपलं यंत्र आत नेलं, दगड बाजूला सारले आणि परत लावले नाहीत. मी भरावावरून येताना हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. मला दिसला होता तो फक्त सपाट रस्ता.

मंदाताई त्या फुटलेल्या दगडाकडे बघत होत्या.  मग गाडीपाशी गेल्या, खिडकीतून बाबांना म्हणाल्या, "बाबा, चुकलं आमचं. पानी आणू?"

बाबांनी मान डोलावली. बाईंनी पाणी आणलं, सोबत गूळ. बाबांनी तांब्या दोन्ही हातांनी धरला.

पाच-सात मिनिटांत एक जीप आली. हॉटेलवाल्याने फोन केला असावा, किंवा रोलरवाल्याने. मला अजून कळलेलं नाही. त्यातून चमकत्या जाकिटातला साइट सुपरवायझर उतरला. आधी माझ्याशी बोलला, बाईंकडे बघितलंही नाही.

"मॅडम, तुम्ही फोटो काढलेत ना? मला पाठवा. या बायकांचं रोजचं आहे हे. आज पोलिसांत देतो. हिची अंगणवाडी पण जाईल, मग कळेल."

खरं सांगते, पहिल्या क्षणी माझा अंगठा फोनवर गेला होता. माझे वडील त्या खड्ड्यात गेले असते. फलक या बाईंनी हलवला होता, त्यांनी स्वतः कबूल केलं होतं. ही माझ्या कामातली सगळ्यात सोपी केस होती. पण तो माणूस फार घाईत होता. ज्याची बाजू खरी असते त्याला इतकी घाई नसते, एवढं मी शिकले आहे.

तेवढ्यात बाबा गाडीतून उतरले. हळूहळू चालत आले आणि अगदी नम्रपणे म्हणाले, "मी ड्राफ्ट्समन होतो. नकाशा असेल तर बघू का जरा?"

सुपरवायझरला ती म्हाताऱ्या माणसाची हौस वाटली असेल. त्याने जीपमधून गुंडाळी काढून बॉनेटवर पसरली. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला, बोट टेकवलं आणि ते बोट वाडीच्या मागून, शेताच्या कडेने, एका तुटक रेघेवरून फिरवत नेलं.

"वळण मार्ग तर इथून आहे. वाडीच्या मागून."

"हो, तो… तो होणार आहे."

"इथे पेनने 'काम पूर्ण' लिहिलंय."

सुपरवायझर गुंडाळी उचलायला गेला. त्याआधी माझा फोटो काढून झाला होता.

"मागून रस्ता?" मंदाताई म्हणाल्या. "मागं तर आमची भाताची खाचरं हायत. कसला रस्ता?"

म्हणजे न झालेलं काम कागदावर पुरं दाखवलं होतं. मी म्हटलं, "फोटो देते ना. सगळे देते. फलकाचे देते, खड्ड्याचे, दगडांचे, रोलरच्या पट्ट्याचे. आणि हा नकाशाचाही. सगळे एकत्रच जातील, पोलिसांत पण आणि तुमच्या वरच्या ऑफिसात पण. चालेल?"

तो जरा बाजूला जाऊन फोनवर बोलला. परत आला तेव्हा आवाज बदललेला होता. "जाऊ द्या मॅडम. कुणाला लागलं तर नाही ना. आपण मिटवू." त्याने दोन माणसांना हाक मारली, फलक उचलून पुन्हा गल्लीच्या तोंडाशी ठेवला, भरावावर पिंपं लावली. पिंपं लावायचं जे काम वर्षभर झालं नव्हतं, ते दहा मिनिटांत झालं. मला त्याचा आनंद झाला नाही. त्याने एक लपवलं, मी एक लपवलं, आणि दोघांनी एकमेकांना सोडलं, असंच ते होतं.

निघताना बाबा मंदाताईंना म्हणाले, "फलक पुन्हा हलवू नका. कुणी मेलं असतं तर सगळा दोष तुमच्या डोक्यावर आला असता, आणि हे लोक सुटले असते. उभं राहायचं तर दिवसा, रस्त्यावर, सगळ्यांना दिसेल असं राहा."

त्या नुसतं "हां" म्हणाल्या.

आम्ही गल्लीतून, त्याच चिखलातून पुढे गेलो. दुसरा रस्ताच नव्हता. दारात उभ्या बायका आमच्या चाकांकडे बघत होत्या.

शनिवार

आत्याकडे जे खाल्लं ते कुठल्याही हॉटेलात मिळणार नाही, म्हणून त्याची किंमत सांगता येत नाही. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुकटीची चटणी. भात कापून झालेला, खाचरं मोकळी, मागे डोंगर. आत्या बाबांच्या शेजारून हलत नव्हती. दर थोड्या वेळाने त्यांचा दंड चाचपून बघायची, "वाळलास किती रे."

खड्ड्याचं आम्ही तिला सांगणार नव्हतो. पण बाबांनी दुपारी ओट्यावर बसून जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काहीतरी काढायला घेतलं, आणि ती विचारत सुटली, तेव्हा सगळं सांगावं लागलं. बाबा वाडीचा नकाशा काढत होते. घरं, विहार, ओढा, कुठल्या खाचराच्या कडेने ट्रक जाऊ शकेल, कुठे वळण फार आवळतं. पट्टी नव्हती, म्हणून आत्याच्या पाटाची कड वापरली.

आत्या बघत राहिली. "आता रिटायर झालास ना रे तू?"

"हो, आक्का."

"मंग हे कुनी सांगितलं?"

"कुणी नाही."

चारच्या सुमारास आम्ही पुन्हा वाडीवर गेलो. गल्लीच्या तोंडाशी वाहनांची रांग होती. मला वाटलं, पुन्हा फलक! पण फलक जागेवर होता. त्याच्या पुढे, रस्त्यावर, अंगणवाडीची सतरंजी अंथरून पंधरा-वीस बायका बसल्या होत्या. मंदाताई मध्यभागी. हलक्या गाड्यांना वाट देत होत्या, ट्रकांना नाही. सुपरवायझर फोनवर चकरा मारत होता. एक महाबळेश्वरचा पर्यटक काच खाली करून "ये क्या नाटक है" म्हणत होता. हॉटेलवाला रांगेतल्या लोकांना चहा देत फिरत होता आणि धंदा होत असल्याने खुशीत होता, हेही नोंदवते.

बाबांनी कॅलेंडरचा कागद मंदाताईंना दिला. त्यांनी तो उलटा धरला, मग सुलटा केला. मग एकेक घरावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे आमचं. हे सुमनचं. हे विहार." बाकीच्या वाकून बघायला लागल्या. त्यांच्यातल्या एका म्हातारीने बाबांना ठणकावलं, "ओढा चुकवलास. त्यो आनखी खाली हाय." बाबांनी खिशातून पेन्सिल काढून ओढा खाली नेला.

पाचच्या सुमारास एक जेसीबी आला आणि वाडीच्या मागे गेला. बायका उठून बघायला गेल्या. मी मात्र घड्याळ लावून उभी राहिले. अर्धा तास माती सरकवल्यावर तो थांबला, चालक उतरला, विडी पेटवली. आमच्या डोळ्यांसमोर काम दाखवायचं, आम्ही गेलो की बंद, असंच मला वाटलं. विडी संपल्यावर तो पुन्हा चढला, पण आम्हाला निघावं लागलं. पुढे त्याने किती काम केलं ते मी पाहिलेलं नाही.

रविवार

परतीला आंबेनळी घाटाने महाबळेश्वर, वाई, पुणे. घाटात दोन-तीन ठिकाणी दरडीच्या बाजूचं काम चालू आहे, तिथे एका वेळी एकच बाजू सोडतात. झेंडेवाल्याने हिरवा दाखवल्यावरही मी आधी वळणापर्यंत चालत जाऊन बघून आले. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवले. वाजवू देत. सकाळी सातच्या आत कापडे सोडलं तर घाट मोकळा मिळतो आणि महाबळेश्वरची गर्दी टळते. वाटेत टपऱ्यांवर स्ट्रॉबेरी घेऊ नका, खालचा थर उघडून दाखवत नाहीत. निदान मला तरी दाखवला नाही.

घरी

नकाशाचा फोटो मी सोमवारी पाठवला, संबंधित ऑफिसच्या पत्त्यावर, माझ्या नावाने. "मिटवू" म्हणणाऱ्याला मी काही वचन दिलं नव्हतं. फलकाचे फोटो मात्र मी पाठवले नाहीत. हे बरोबर केलं का, मला माहीत नाही. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला सोडलं नसतं.

पंधरा दिवसांनी मंदाताईंना फोन केला. म्हणाल्या, "मागचा रस्ता झाला हो ताई. ट्रक तिकडनंच जातात."

"फोटो पाठवता?"

पलीकडून हसू आलं. "इस्वास नाय ना?"

"नाही."

फोटो आला. वाडीच्या मागे लाल मुरमाचा सरळ रस्ता, त्यावर एक ट्रक, कडेला दोन बायका. मी तो मोठा करून कोपऱ्याकोपऱ्याने तपासला. जुना आहे का, दुसरीकडचा आहे का. विहाराचं टोक दिसत होतं, ट्रकची चाकं मुरमावर होती. खोटं काही सापडलं नाही. तेव्हा मला पहिल्यांदा बरं वाटलं आणि मी फोन बाबांच्या हातात दिला.

बाबांनी बराच वेळ बघितला. फोन जरा लांब धरला, मग जवळ.

"काय झालं?"

"रस्ता ओढ्याकडे उतरता हवा होता. यांनी उतार वाडीकडे दिलाय," बाबा म्हणाले. "पावसाळ्यात सगळं पाणी घरांत शिरेल."

फेब्रुवारी चालू होता. त्यांनी टेबलावरचं कॅलेंडर उचलून महिने मोजले आणि फोन माझ्यापुढे धरला.

"लाव तिला फोन. मी बोलतो."